बाटलीतला दम आणि भरतीची पोरं

फौजेच्या भरतीचा सराव करणाऱ्या पोरांच्या एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मला कुणीतरी घालून ठेवलंय. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर भागातली पोरं, पहाटे साडेचारला रस्त्यावर पळतात. पाय मुरगळला की माझ्या मेडिकलमधून क्रेप बँडेज नेतात, एवढीच माझी पात्रता. गेल्या आठवड्यात तिथं एक मेसेज आला. संध्याकाळपर्यंत तोच मेसेज निपाणीच्या बहिणीकडून आला, मग ऊस वाहतुकीला ट्रॅक्टर लावलेल्या मेहुण्याकडूनही आला. मजकूर थोडक्यात असा:

“एनर्जी ड्रिंकला उगाच बदनाम करतात. एका बाटलीत कॉफीच्या कपाएवढंच कॅफिन असतं. टॉरिन आणि बी-१२ मुळे बैलाची ताकद येते. पळण्याआधी घेतलं तर दम वाढतो, उन्हात ओआरएसचं काम होतं. रात्री गाडी चालवणाऱ्याला झोप लागत नाही. आणि वाईट असतं तर सरकारनं विकू दिलं असतं काय?”

आधी कबुली देतो. या बाटल्या माझ्याही दुकानात आहेत. फ्रीज कंपनीनं दिलेला, वरचे दोन कप्पे त्यांचेच. तेव्हा हे लिहून माझा काही फायदा नाही, झाला तर तोटाच.

कॉफीच्या कपाची गोष्ट बरीचशी खरी आहे. आपल्याकडच्या नियमानुसार अशा पेयात लिटरमागे कमीत कमी १४५ आणि जास्तीत जास्त ३०० मिलिग्रॅम कॅफिन असू शकतं. म्हणजे २५० मिलीच्या बाटलीत फार तर ७५. चांगल्या फिल्टर कॉफीच्या कपातही साधारण तेवढंच निघतं. पण कॉफी गरम असते, कडू असते, फुंकर घालत प्यावी लागते. तिसरा कप नकोसा होतो. ही बाटली थंड आणि गोड, दोन घोटांत रिकामी. सरावानंतर एक, दुपारी मित्रानं पाजलेली एक, आणि मधले चार चहा कुणी मोजतच नाही. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०१५ साली निरोगी मोठ्या माणसासाठी दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफिन चालेल असं म्हटलं. मुलांसाठी मात्र वजनाच्या किलोमागे ३ मिलिग्रॅम हा आधार धरला. आता आपल्या दहावीतल्या पोराचं वजन धरा ४५ किलो. त्याची मर्यादा १३५ वर संपते. दोन बाटल्यांत १५० पर्यंत जातात. चहा वेगळाच.

शिवाय कॉफीच्या कपात सहा चमचे साखर कोण घालतं? काही बाटल्यांत शंभर मिलीला अकरा ग्रॅम साखर असते, म्हणजे एका बाटलीत सत्तावीस ग्रॅमच्या आसपास. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत राहिली तर उत्तम. एका बाटलीतच तो कोटा संपला. बिनसाखरेच्याही मिळतात, पण त्यांची आंबटाई तेवढीच असते, आणि दाताचं वरचं कवच त्या आंबटाईनंच झिजतं.

टॉरिन नावाच्या द्रव्याबद्दल दोन्ही बाजूंनी थापा चालतात. एक पक्ष म्हणतो बैलाची ताकद. दुसरा पक्ष म्हणतो ते बैलाच्या कुठल्या कुठल्या द्रवातून काढतात, धर्म बुडाला. नाव बैलावरून आलं हे खरं. १८२७ साली जर्मन शास्त्रज्ञांना ते पहिल्यांदा बैलाच्या पित्तात सापडलं, आणि लॅटिनमध्ये बैलाला टॉरस म्हणतात. बाटलीतलं टॉरिन मात्र कारखान्यात रसायनांपासून बनतं. आपलं शरीर ते स्वतःही तयार करतं, आणि मासे-मटण खाणाऱ्याला ताटातूनही मिळतं. बी-१२ हे जीवनसत्त्व कमी असेल तर ते भरून काढायलाच हवं, खासकरून शाकाहारी माणसानं. पण ज्याला कमी नाही, त्याला जास्तीचं घेऊन वेगळी ताकद येत नाही. बाटली प्यायल्यावर जी तरतरी येते ती कॅफिनची. बाकीची नावं लेबलची शोभा.

आता दम. इथं मला जरा थांबायचंय, कारण पोरांचा खरा जीव इथंच अडकलाय. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावात, घरोघरी कुणी ना कुणी फौजेत, आणि सोळाशे मीटरच्या पळण्यात दोन-चार सेकंदांनी वर्ष हुकतं. कॅफिननं कामगिरी थोडी सुधारते हे मी नाकारत नाही. एके काळी ते खेळाडूंच्या बंदी यादीत होतं, २००४ मध्ये काढलं. पण ज्या प्रयोगांत फायदा दिसतो, तिथं खेळाडू झोपलेला असतो, खाल्लेला असतो, मात्रा मोजलेली असते. आमचा पोरगा रात्री दोनपासून रांगेत, रिकाम्या पोटी, आधीच धडधडतोय. त्यात ही बाटली ओतली की छाती आणखी धडधडते, हात थरथरतात, पोट ढवळतं. ग्रुपमधलाच एक जण मला म्हणाला, “काका, ते पिलं की अंगात आल्यासारखं होतंय बघा, खरं रात्री झोपच लागत नाही.” झोप लागणार कशी? दिवसभरात मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं आणि ‘आता आडवा हो’ असं सांगतं. कॅफिन त्याच्या जागेवर जाऊन बसतं आणि निरोप अडवतं. थकवा जात नाही, निरोप तेवढा पोचत नाही. ऊसतोडीची टोळी मुकादमाकडून उचल घेते, तसली ही उचल. संध्याकाळी सहाला घेतलेल्या कॅफिनपैकी अर्धं रात्री अकराच्या सुमारासही अंगात असतं, आणि सरावानं झिजलेले स्नायू भरून येतात ते झोपेत. कॅफिन नाडी आणि रक्तदाबही चढवतं, तेव्हा भरतीच्या मेडिकलच्या दिवशी तर ही बाटली लांबच ठेवा.

हृदयाचं म्हणाल तर २०१७ मध्ये अमेरिकेत १८ निरोगी तरुणांवर एक प्रयोग झाला. एकदा त्यांना जवळपास लिटरभर एनर्जी ड्रिंक दिलं, एकदा तेवढंच कॅफिन असलेलं दुसरं पेय. एनर्जी ड्रिंकनंतर ईसीजीत ठोक्यानंतर हृदयाला पुढच्या ठोक्यासाठी सज्ज व्हायला लागणारा वेळ किंचित लांबलेला दिसला, आणि रक्तदाब सहा तासांनीही पुरता उतरलेला नव्हता. म्हणजे ‘कॅफिनच तर आहे’ हा युक्तिवादही पुरा पडत नाही. प्रयोग छोटा होता, मात्रा मोठी होती, हेही सांगतो. ‘एक बाटली प्यायला आणि जागीच गेला’ असले मेसेजही फिरतात, त्यांनी घाबरून जायचं कारण नाही. निरोगी मोठ्या माणसाला एका बाटलीनं सहसा काही होत नाही. धोका आहे तो ज्याच्या हृदयाच्या लयीत जन्मापासून दोष आहे आणि ज्याला तो माहीतच नाही, अशाला. त्यात दोन-तीन बाटल्या आणि वर जीव तोडून पळणं. पळताना कुणी बेशुद्ध पडला, छातीत दुखलं, किंवा घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल, तर बाटली राहू द्या, आधी ईसीजी काढा.

ओआरएसचं वाचून मला राग आला. ओआरएसच्या एका लिटरमध्ये साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज असतं, आणि सोबत मीठ, पोटॅशियम, सायट्रेट मोजून घातलेलं. त्या प्रमाणामुळेच आतडं पाणी ओढून घेतं. गोड एनर्जी ड्रिंकच्या लिटरमध्ये साखर शंभर ग्रॅमच्या वर. इतक्या दाट साखरेनं पाणी अंगात मुरायला उलट वेळ लागतो. जुलाब झालेल्या पोराला हे पाजाल तर जुलाब वाढतील. उन्हातून पळून आल्यावर मीठ घातलेलं पातळ ताक या बाटलीपेक्षा केव्हाही बरं.

मेहुण्याचा मुद्दा वेगळा आहे. गळीत हंगामात त्याची पाळी रात्रीची असते, कारखान्याच्या दारात रांगेत तासन्‌तास काढायचे आणि मग दोन ट्रॉल्या ओढत परत यायचं. झोप अनावर असेल तर कॅफिननं डोळे उघडे राहतात, पण मधेच दोन-तीन सेकंद मेंदू मिटतो ते मिटतोच. तवंदी घाटाच्या उतारावर दोन-तीन सेकंद म्हणजे काय, ते त्याला मी सांगायला नको. कॅफिनचा असर पुरता चढायला अर्धा-पाऊण तास लागतो. तेवढ्यात गाडी बाजूला लावून वीस मिनिटं झोपून होतं. दारूत मिसळून पिणाऱ्यांना एकच सांगतो: नशा उतरत नाही, चढलीय हे कळत नाही एवढंच. अमेरिकेच्या सरकारनं २०१० मध्येच दारूत कॅफिन घालणाऱ्या कंपन्यांना ताकीद दिली होती.

राहिला सरकारी परवाना. सरकारनं विकू दिलं म्हणजे चांगलं, असं निदान विडी-तंबाखूच्या निपाणीच्या माणसानं तरी म्हणू नये. विडीचं बंडलही कर भरूनच विकलं जातं. आणि सरकारनं त्याच बाटलीवर काय छापायला लावलंय? कॅफिनचं प्रमाण जास्त आहे. मुलं, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, कॅफिन न सोसणारे यांच्यासाठी नाही. दिवसाला ५०० मिलीपेक्षा जास्त नको. लिथुआनियानं २०१४ पासून आणि पोलंडनं २०२४ पासून अठराच्या आतल्यांना ही पेयं विकायलाच बंदी घातली. आपल्याकडे इशारा आहे, पण माझ्या फ्रीजमधल्या बाटल्यांवर तो मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरात आहे. इथं मराठी शाळेत शिकलेलं पोरगं बसची पाटी कन्नडमध्ये वाचतं, घरी मराठी बोलतं, आणि त्याच्यासाठीची सूचना तिसऱ्याच भाषेत.

म्हणून परवा मी ते तीन इशारे स्केचपेननं मराठीत आणि कन्नडमध्ये लिहून फ्रीजच्या काचेवर चिकटवले. कंपनीचा माणूस आला, वाचला, काही बोलला नाही. त्याच संध्याकाळी ग्रुपमधला एक जण आला, काचेसमोर बराच वेळ उभा राहिला आणि म्हणाला, “मग काका, पळायच्या सकाळी खायचं काय?” एक केळं, नाहीतर गुळाचा खडा आणि मूठभर शेंगदाणे, तासभर आधी, आणि पाणी, असं मी सांगितलं. केळी शेजारच्या गाड्यावर मिळतात, तिकडे गेला.