सिलिॲकचं मूल दवाखान्यात: 'थोडं चालतंय' म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

कोल्हापुरातल्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. सिलिॲक, म्हणजे गहू-जवातल्या ग्लुटेनमुळे आतडं बिघडण्याचा आजार, असलेलं मूल दवाखान्यात ॲडमिट झालं तर आईबापांनी उगीच डोक्याला ताप करून घेऊ नये, असा त्याचा सूर. मुद्दे थोडक्यात असे: दवाखान्यातलं जेवण आहारतज्ज्ञ ठरवतात, घरचा डबा कशाला, दोन-चार दिवस थोडा गहू पोटात गेला तर बिघडत नाही, मुलाला त्रास झाला नाही म्हणजे त्याला झेपलं, फारच भीती वाटली तर खपलीची चपाती नाहीतर भाकरी द्या, आणि सावध राहायचंच असेल तर सलाईनपासून राहा, कारण त्यातलं ग्लुकोज गव्हाचं असतं.

माझ्या मुलीला सिलिॲक आहे आणि तिच्या उशाशी वॉर्डात मुक्काम ठोकायची वेळ माझ्यावर आलेली आहे. त्यामुळे ओळखीच्यांनी हा मेसेज मला मोठ्या प्रेमानं पाठवला. लिहिणाऱ्याचा हेतू वाईट नसेल, पण ताटाबद्दल बेफिकिरी आणि सलाईनबद्दल धास्ती हा हिशेब साफ उलटा आहे.

सलाईनचं आधी उरकते, कारण ते नाकारण्यातच जिवाला धोका आहे. ग्लुटेन हे प्रथिन. बाटलीतलं ग्लुकोज म्हणजे डेक्स्ट्रोज, ही शुद्ध केलेली साखर. शिरेतून देण्याच्या द्रावणात ग्लुटेन नसतं. ओआरएसची साधी पुडी म्हणजे मीठ आणि ग्लुकोज, त्यातही नसतं. उलट जुलाब-उलट्यांनी गळालेल्या सिलिॲकच्या मुलाच्या रक्तातलं पोटॅशियम धोकादायक इतकं खाली जाऊ शकतं. अशा वेळी मेसेज वाचून सलाईनला नकार देणं म्हणजे आगीतून फुफाट्यात. गोळ्यांचं थोडं वेगळं. त्यात भर म्हणून स्टार्च असतो, बहुतेकदा मक्याचा, गव्हाचा क्वचित. शंका आली तर डॉक्टरांना किंवा औषध देणाऱ्या फार्मासिस्टला विचारावं, पर्याय मागावा. आपल्या मनानं डोस चुकवू नये. अंगाला लावायच्या मलमांना तर घाबरायचंच नाही. ग्लुटेन तोंडावाटे आतड्यात गेलं तरच बाधतं.

आता ताटाकडे. 'आहारतज्ज्ञ ठरवतात' हे खरं आहे, पण आहारतज्ज्ञ ठरवतात तो कागद. केसपेपरवर 'ग्लुटेन-फ्री' लिहिलेलं असतं, सिस्टरना ठाऊक असतं, आणि तरी ताट येतं ते किचनमधून, ट्रॉलीवरून, मावशींच्या हातून. मधल्या प्रवासात ते पथ्य 'तिखट नको, हलकं द्या' इतकंच उरतं. आणि आपल्याकडे आजाऱ्याचं हलकं खाणं म्हणजे काय? दलिया, रव्याचा उपमा, शेवयांची खीर, दुधात बुडवलेला ब्रेड, चहाबरोबर टोस्ट नाहीतर खारी. सगळा गहूच! ताकद यावी म्हणून दुधात घालतात ती माल्टची पावडर जवाची असते. 'शक्तीचं' म्हणून आजी आग्रहानं कालवते त्या सातूच्या पिठात गहू किंवा जव असतोच. आमच्या वॉर्डात एकदा मऊ खिचडी आली, बघायला अगदी निर्धोक. फोडणीतल्या हिंगाचा डबा दाखवायला सांगितला तर घटकांत मैदा. बांधणीच्या हिंगात मैदा किंवा तांदळाचं पीठ मिसळलेलं असतं. कुठलं, ते डब्यावर वाचल्याशिवाय कळत नाही. मुलाला नाकातल्या नळीवाटे किचनमध्ये बनवलेलं मिश्रण देत असतील तर त्यात काय पडलंय हेही विचारायला लाजू नये.

मला उपयोगी पडलेली एक युक्ती सांगते. किचनमध्ये ग्लुटेनवर व्याख्यान देऊ नका. 'पोरीला उपवासाचं लागतं, भांडी आणि तेलही उपवासाचंच' असं सांगा. गहू नाही, रवा नाही, हिंग नाही, पळी वेगळी, हे सगळं त्या एका वाक्यात येतं आणि कुणी वाद घालत नाही. भगर, साबुदाणा, राजगिरा, वरून दाण्याची आमटी. डॉक्टरांना आणि आहारतज्ज्ञांना मात्र आजाराचं खरं नावच सांगायचं, तेही ॲडमिट होतानाच, लेखी.

चंदगड किंवा गगनबावड्याकडून मूल घेऊन कोल्हापुरात आलेल्यांना रोज घरचा डबा कुठून मिळणार, हे मला कळतं. त्यांच्यासाठी केळी, शहाळं, सालासकट उकडलेलं अंडं, दही, गूळ-शेंगदाणे, साधे चुरमुरे. भडंग नको, त्याच्या मसाल्यात पुन्हा हिंग आला. निदान नुकतंच झालं असेल तर काही दिवस दूधही पचत नाही, कारण दुधातली साखर पचवणारा रस आतड्याच्या खराब झालेल्या अस्तरातून पुरेसा येत नाही; तेव्हा दुधाचं डॉक्टरांना विचारून. आणि भेटायला येणाऱ्यांच्या हातातला बिस्किटचा पुडा दारातच घ्यायचा. 'खाऊ दे की वो, एकानं काय हुतंय' म्हणणारा काका प्रत्येक घरात एक तरी असतोच.

तर काय हुतंय? साधारण 30 ग्रॅम कणकेच्या चपातीत अडीच-तीन ग्रॅम ग्लुटेन असतं. इटलीत झालेल्या आणि 2007 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सिलिॲकच्या प्रौढ रुग्णांना तीन महिने रोज फक्त 50 मिलीग्रॅम ग्लुटेन दिलं, म्हणजे चपातीचा पन्नासावा भाग, तेवढ्यानंही आतड्याचं अस्तर बिघडलं. मेसेजवाले म्हणतील, ते तीन महिने होते, आपले दोन दिवस. ठीक. दुसऱ्या एका अभ्यासात रोज 3 किंवा 7.5 ग्रॅम दिलं, तर 14 दिवसांत बिघाड दिसला. रोज 3 ग्रॅम म्हणजे रोजची एक चपाती. चुकून एक घास गेला म्हणून पोर दगावत नाही, रडारड नको, पण चूक होणं वेगळं आणि 'चालतंय' म्हणून वाढणं वेगळं.

यात डॉक्टरांचीही अडचण होते, ती मेसेजमध्ये नाही. ताप-उलट्यांसाठी ॲडमिट असलेल्या मुलाला रात्री पुन्हा उलटी झाली, तर ती मूळ आजाराची की संध्याकाळच्या उपम्याची, हे कसं ओळखायचं? एका वाटीपायी जादा तपासण्या आणि वाढलेला मुक्काम पदरात पडतो.

'त्रास झाला नाही म्हणजे झेपलं' हे तर साफ चूक. सिलिॲक ही ॲलर्जी नव्हे. शरीराची प्रतिकारयंत्रणा आपल्याच आतड्यावर उलटते, आणि कित्येक मुलांत हे बिनबोभाट चालतं. पोट दुखत नाही, पण रक्त कमी, उंची खुंटलेली.

खपलीचं प्रकरण आपल्या भागातलं. कोल्हापूर-सांगलीकडे खपलीला मोठा मान आहे, मधुमेहींना ती आवर्जून सुचवतात, आणि तिथूनच ती 'ग्लुटेन नसलेली' झाली असावी. खपली हा गहूच आहे. तिच्यातल्या ग्लुटेनची घडण नेहमीच्या गव्हापेक्षा थोडी वेगळी असली, तरी सिलिॲकला ते बाधतंच. खीर असो वा चपाती, वर्ज्य.

भाकरी मात्र चालते, ज्वारीत आणि नाचणीत ग्लुटेन नाही. अडचण गिरणीची. आधी गहू दळलेल्या जात्यात ज्वारी टाकली की पहिलं पीठ मिसळीचंच येतं. ग्लुटेन-फ्री म्हणवणाऱ्या मालाला आपल्याकडे किलोमागे 20 मिलीग्रॅमची मर्यादा आहे. गिरणीवाल्याला ती कोण सांगणार? ज्वारी निवडून घरघंटीवर दळावी. दवाखान्यातली भाकरी कुठल्या पिठाची आणि कुठल्या तव्यावरची, हे कळेपर्यंत भातच बरा. घरून नेता येत असेल तर आजरा घनसाळची पेज आजारी पोरालाही आवडते, हा माझा पक्षपात समजा.

एका मुलाला मात्र हे सगळं लागू नाही: ज्याचं निदान अजून व्हायचं आहे. रक्ताची टीटीजी (सिलिॲक ओळखायची) तपासणी आणि एंडोस्कोपीतला आतड्याचा तुकडा, दोन्ही खरे यायला गहू खाण्यात असावा लागतो. तपासणीसाठीच ॲडमिट केलेल्या मुलाचा गहू, डॉक्टर सांगेपर्यंत, शेजारच्या खाटेवरच्या आईचं ऐकून बंद करू नका. ती आई मी असले तरी.