मावळ्यांची निष्ठा मागता, मग महाराजांचा हिशेबही घ्या

दर शिवजयंतीला ‘शिवरायांकडून शिका उद्योगातलं नेतृत्व’ अशी एक यादी फिरते. तिचा सारांश असा: मावळे तुटपुंज्या साधनांत लढले, तेव्हा कर्मचाऱ्यांनी सोयी मागू नयेत. पुरंदरचा तह म्हणजे दोघांच्या फायद्याची वाटाघाट. आग्र्याहून सुटका म्हणजे ‘प्लॅन बी’. प्रतापरावांसारखं झोकून द्या. आणि तानाजींसारखं आधी काम, मग घर. या यादीत जवळजवळ सगळे धडे सैनिकाच्या पदरात टाकलेत. नेत्यानं काय करायचं, याबद्दल चकार शब्द नाही, आणि मला राग येतो तो याचाच.

साधनांचं घ्या. १६७४ चा मे महिना, राज्याभिषेक तोंडावर आलेला. अशा धामधुमीत महाराज चिपळूणजवळच्या छावणीतल्या जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना पत्र लिहितात ते दाणावैरणीबद्दल. पावसाळ्याची बेगमी आत्ताच उधळलीत तर ऐन पावसात काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील. मग तुम्ही कुणब्याच्या घरातून कोणी दाणे, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी भाजी आणू लागाल आणि त्या गरिबांना वाटेल, यापेक्षा मोगल बरे. रात्री दिवा तसाच ठेवलात तर उंदीर पेटती वात पळवून नेईल आणि गवताच्या गंजी जळतील, इथवर सूचना आहेत! टंचाई येऊच नये म्हणून राजा उंदराचासुद्धा विचार करतो, आणि आपण त्याच्याच नावानं टंचाईचे गोडवे गातो. ज्याच्याकडे स्वतःचा घोडा नव्हता त्या बारगिराला घोडा सरकारातून मिळत असे, हेही यादीत कुठे नाही.

मोगलांशी झालेला पुरंदरचा तह तर उघड हार होती. पुरंदर लढवणारे मुरारबाजी पडले होते, मुलूख होरपळत होता. १६६५ च्या त्या तहात २३ किल्ले आणि वर्षाला ४ लक्ष होनांच्या (होन म्हणजे सोन्याचं नाणं) उत्पन्नाचा मुलूख गेला. हाती राहिले १२ किल्ले आणि १ लक्ष होनांचा मुलूख. महाराजांनी हा तोटा पत्करला, राज्य वाचवलं आणि १६७० पासून गेलेले गड परत घ्यायला सुरुवात केली. मधली वर्षं वगळून त्याला यशस्वी वाटाघाट म्हणायचं, म्हणजे त्या सोसण्याची किंमतच पुसून टाकायची.

आग्र्याबद्दल एकच सांगतो. नजरकैदेत असताना महाराजांनी बरोबरच्या माणसांना माघारी पाठवण्याची परवानगी औरंगजेबाकडून आधी मिळवली. स्वतः निसटले ते त्यानंतर, १७ ऑगस्ट १६६६ ला.

प्रतापरावांच्या शौर्यापुढे मान झुकतेच. पण ते जिथे पडले ती नेसरीची लढाई हा अनुकरणाचा नमुना कसा होईल? उमराणीच्या लढाईत कोंडीत सापडलेल्या विजापूरच्या सरदाराला, बहलोलखानाला त्यांनी सोडलं, तो उलटला, महाराजांनी खरमरीत शब्दांत कान उघाडणी केली. ती जिव्हारी लागून सरनोबत (सरसेनापती) प्रतापराव २४ फेब्रुवारी १६७४ ला मोजक्या स्वारांनिशी खानाच्या फौजेवर तुटून पडले. स्वराज्यानं सरसेनापती गमावला आणि खान मात्र जिवंत राहिला. पुढे महाराजांनी प्रतापरावांची लेक राजारामांसाठी सून म्हणून घरात आणली. यादी प्रतापरावांचं मरण सांगते, हे नातं सांगत नाही.

आता तानाजी. रायबाच्या लग्नाची गोष्ट आपल्यापर्यंत आली ती पोवाड्यातून. शिवचरित्राच्या जुन्या सभासद बखरीत लग्न नाही. तिथे तानाजी स्वतः पुढे होऊन कोंडाणा घेण्याचं कबूल करतात. राजानं कुणाचं लग्न मोडायला लावलं नव्हतं. त्यामुळे सुट्टी नाकारताना कोंडाण्याचा दाखला देणाऱ्या साहेबांनी, आपल्याकडे काम करता करता माणूस गेला तर त्याच्या घरी नेमकं काय पोचतं, ते आधी सांगावं. अफजलखानाच्या स्वारीनंतर काय झालं, ते याच बखरीत आहे: लढाईत पडलेल्यांच्या मुलांचा सांभाळ केला, मुलगा नसेल तर बायकोला निमं वेतन लावून दिलं, आणि जखमींना जखम पाहून २५ पासून २०० होनांपर्यंत रक्कम दिली.