खुलासा : परिचारकांची आमदारकी रद्द झाली नव्हती

प्रशांत परिचारकांवरची माझी परवाची पोस्ट बरीच फिरतेय. सैनिकांच्या पत्नींबद्दलच्या वक्तव्यामुळे ‘भाजपच्या या आमदाराची आमदारकी गेली’, असं मी लिहिलं होतं. दोन्ही चूक. सोलापूर स्थानिक स्वराज्य संस्थांच्या मतदारसंघातून ते विधान परिषदेवर गेले ते अपक्ष म्हणून. भाजपचा पाठिंबा होता, इतकंच. फेब्रुवारी २०१७ च्या प्रचारसभेतलं ते बोलणं संतापजनकच होतं. त्यांनी माफीही मागितली. मार्चमध्ये परिषदेनं ठराव केला तो दीड वर्षाच्या निलंबनाचा. बडतर्फीची मागणी जोरात होती, माझा घोळ तिथेच झाला. निलंबनानं जागा रिकामी होत नाही. पोटनिवडणूक लागलीच नव्हती, हे तेव्हाच खटकायला हवं होतं. त्यांच्या आमदारकीची मुदत संपली थेट जानेवारी २०२२ मध्ये. जुनी पोस्ट काढलीय. तिचे स्क्रीनशॉट कृपया पुढे पाठवू नका.