ब्राउझरमध्ये तर उघडून राहिलं ना!

मे महिन्यात पारा ४५च्या घरात गेला की नागपूरचा माणूस कोणाशी हात मिळवायला राजी नसतो. समजू शकतो. पण एसीत बसलेल्या आमच्या जावा सर्व्हिसनेही (जावा भाषेतल्या प्रोग्रामनेही) समोरच्या पेमेंट सर्व्हरशी हात मिळवायला साफ नकार दिला. ‘एसएसएल हँडशेक एक्सेप्शन’, आणि खाली ते कुप्रसिद्ध ‘पीकेआयएक्स पाथ बिल्डिंग फेल्ड’, म्हणजे समोरच्याच्या ओळखपत्राची, सर्टिफिकेटची, साखळीच जुळेना.

आयटी पार्कात असं झालं की तर्री पोहे खाऊन परतणारा प्रत्येक जण निदान करून जातो. “टीएलएस जुनं असन.” टीएलएस म्हणजे सुरक्षित बोलणीचे नियम. जुनं नव्हतं. एप्रिल २०२१च्या अपडेटपासून जावाने टीएलएस १.० आणि १.१ बंद करून ठेवलेत हे खरं, पण आमची बोलणी १.२वर चालली होती. “घड्याळ पाय.” सर्टिफिकेटची मुदत घड्याळावरच तपासतात, पण घड्याळ बरोबर. “अबे, ब्राउझरमध्ये तर उघडून राहिलं ना!”

हे ऐकलं की माझं टाळकं सटकतं. ब्राउझरचा स्वभाव सांभाळून घेण्याचा. सर्व्हरने मधलं, म्हणजे त्याच्या ओळखपत्राची हमी देणारं, सर्टिफिकेट पाठवलं नाही, तर तो आधी कुठे पाहिलेलं आठवतो, नाहीतर स्वतः जाऊन आणतो. जावा म्हणजे स्थळाची चौकशी करणारे आमचे मोठे मामा: “पोरगा बरा दिसते, पण याले ओळखते कोण? अन् त्याले कोण ओळखते?” ही साखळी कॅसर्ट्स फाइलमधल्या (जावाच्या भरवशाच्या यादीतल्या) एखाद्या रूटपर्यंत, म्हणजे मूळ हमीदारापर्यंत, पोचली नाही, की सोयरीक मोडलीच. आणि एवढ्या संशयी मामांच्या त्या फाइलचा मूळ पासवर्ड वर्षानुवर्षं ‘चेंजइट’, साऱ्या जगाला पाठ!

डीबग, म्हणजे आतली बोलणी दाखवणारी नोंद, सुरू केलं. आधी ‘क्लायंट हॅलो’, मग ‘सर्व्हर हॅलो’. आता पानसुपारीच होते असं वाटावं, तर लगेच ‘फेटल: सर्टिफिकेट अननोन’. ज्युनियरचे डोळे चमकले. “दादा, ट्रस्ट मॅनेजरमधला चेकच काढून टाकू का? येऊ दे कोणालेही.” सर्टिफिकेटची तपासणीच बंद, तीही पेमेंटच्या सर्व्हिसमध्ये! त्याला मी पोहे आणायला पाठवलं, तर्री जास्त सांगून.

मग ओपनएसएसएल या टूलने समोरच्याची साखळी मागवली. सर्व्हरचं आणि मधलं (इंटरमीजिएट), अशी दोन सर्टिफिकेटं यायला हवी होती. आलं एकटं सर्व्हरचं. स्क्रीनशॉट लावून मेल टाकला. उत्तर: “बाकी कोणाची तक्रार नाही, तुमच्याकडेच बघा.” तोच स्क्रीनशॉट पुन्हा पाठवला, यावेळी लाल गोल काढून.

जेवणाच्या सुट्टीनंतर सर्व्हिस चालू! ओपनएसएसएलमध्ये आता दोन सर्टिफिकेटं, अगदी ओळीने. आभार मानायला फोन लावला.

“आम्ही तर काहीच नाही केलं साहेब,” पलीकडचा म्हणाला, “आपोआप झालं असन.”