अण्णा भरल्या ताटावरून उठले

आज घरच्या साखरपुड्यात जेवताना समोरचे एक नातेवाईक म्हणाले, "या देशाला पाच वर्षं हिटलरच पाहिजे." चार जण हसले. अण्णा ताट तसंच ठेवून उठले. चौऱ्याऐंशी वर्षांत हा माणूस भरल्या ताटावरून कधी उठला नव्हता. मी मात्र तिथे गप्प बसले. त्याचाच राग येतोय, म्हणून आत्ता लिहितेय.

2018 साली भावाकडे म्युनिकला गेलो होतो, तेव्हा अण्णांना डाखाऊला नेलं होतं. टुमदार गाव. त्याला लागून 1933 पासून बारा वर्षं हिटलरची छळछावणी चालली. 29 एप्रिल 1945ला अमेरिकी सैनिक पोचले, तर छावणीत शिरायच्या आधीच रुळांवर एक मालगाडी उभी. बुखेनवाल्डच्या छळछावणीतून कैदी भरून निघालेली. जवळपास चाळीस डबे, आणि आत दोन हजारांहून जास्त प्रेतं. सिसिलीपासून लढत आलेली पलटण होती ती, मरण काय नवं होतं त्यांना? तरी कुणी रडलं, कुणी ओकलं. कित्येकांनी पुढे चाळीस-चाळीस वर्षं घरी अवाक्षर काढलं नाही.

त्या गाडीच्या फोटोसमोर अण्णा थांबले. "किती वयाची असतील गं ही सैनिक पोरं?" म्हटलं, एकोणीस-वीस. बराच वेळानं म्हणाले, "फोटोला वास येत नाही."

बस, तेवढंच. 71च्या लढाईत अण्णा पूर्वेला होते. तिथे काय पाहिलं, ते आईलाही कधी सांगितलं नाही.

आणि आमचे हे नातेवाईक जिलेबी खाता खाता सांगतात, "ते सगळं वाढवून सांगतात हो." अहो, 12 एप्रिल 1945ला दोस्त फौजांचे सरसेनापती जनरल आयझेनहॉवर ओहरड्रुफची छावणी मुद्दाम बघून आले. उद्या कुणी याला निव्वळ प्रचार म्हणालं तर साक्ष द्यायला आपण असावं म्हणून. तसं त्यांनी लिहूनच ठेवलंय. पॅटनसारखा कडक अमेरिकी सेनापती तिथल्या एका खोलीत पाऊल टाकायला तयार झाला नाही. तुम्ही कुठे होतात?

डाखाऊत चिडलेल्या सैनिकांनी शरण आलेल्या काही पहारेकऱ्यांना गोळ्या घातल्या. घातल्या, आणि ते चूकच. इंग्रजांच्या राज्यात 1943ला बंगालमध्ये माणसं भुकेनं मेली, तेही खरं. पण म्हणून हिटलर आपला कोण लागतो?

त्या नातेवाइकांचा मुलगाही एकोणीसचाच आहे. गोड पोरगा. बापाचं ऐकून तोही हसला, ते जास्त लागलं. त्याला एकदा अण्णांजवळ बसवायला हवं. अण्णा बोलणार नाहीत, ठाऊक आहे. नुसतं बसवायचं.

अकरा वाजता दूधभात कालवून दिला. दोन घास खाल्ले. विचारलं, "अण्णा, तो गाडीचा फोटो आठवला का?" उत्तर दिलं नाही. थोड्या वेळानं म्हणाले, "खिडकी उघड जरा."