राधानगरी रोडवरच्या दादांना उत्तर

नमस्कार दादा,

तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली. लगेच उत्तर द्यायला हात धजला नाही, कारण ती नुसती टीका नव्हती. ‘रोजच्या वापराला स्कूटरच बरी’ हा माझा लेख वाचून तुमच्या धाकट्या भावानं स्कूटर घेतली. गावातून शिरोली एमआयडीसी, जाऊन-येऊन ४४ किलोमीटर. दुसरी पाळी सुटल्यावर रात्री परत येताना, उसाच्या ट्रॅक्टरनं शेतातून डांबरावर आणलेल्या चिखलात गाडी घसरली आणि त्याचं मनगट मोडलं. ‘शहरात बसून लिहिणाऱ्यांना आमचा रस्ता काय कळणार,’ असं तुम्ही लिहिलंय. पुढे स्कूटरला पेट्रोल जास्त लागतं असा ॲव्हरेजचा हिशोब मांडलाय आणि शेवटी ‘स्कूटर ही बायकांची गाडी’ असंही म्हटलंय.

पहिलं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. मी राहते कोल्हापुरात कसबा बावड्यात, कामाला जाते लक्ष्मीपुरीत. दिवसाला दहा किलोमीटर. तेवढ्यावरून मी ‘रोजचा वापर’ ठरवून टाकला. शिफ्ट करून रात्री बाराला गावाकडं निघणारा माणूस माझ्या डोळ्यांसमोर आलाच नाही. भावाला लागलं याचं फार वाईट वाटतंय.

आज सकाळी टेप घेऊन घरातल्या दोन्ही गाड्यांची चाकं मोजली. माझ्या स्कूटरचं मागचं चाक टायरसकट ४३ सेंटिमीटर, पुढचं ४७. वडिलांच्या १०० सीसी मोटरसायकलची दोन्ही ६० च्या घरात. लोक ग्राउंड क्लिअरन्सवरून वाद घालतात, पण या दोन गाड्यांत तो जवळपास सारखाच आहे, १६० मिलिमीटरच्या थोडा वर. फरक आहे तो चाकात. वीतभर रुंदीच्या खड्ड्यावरून मोठं चाक निघून जातं. लहान चाक त्यात उतरतं आणि पलीकडच्या काठावर आपटतं. सीझनमध्ये ट्रॉलीतून पडलेलं उसाचं कांडं रस्त्यात आडवं असलं तरी तसंच. मोठं चाक त्यावर चढून जातं, लहान चाकाला ते ठेचेसारखं लागतं. अंधारात, चिखलात हँडल हलायला तेवढं पुरतं.

चिखलाचं आणखी एक आहे, आणि ते लेखात असायलाच हवं होतं. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना सीबीएस (दोन्ही चाकांचे जोडलेले ब्रेक) आलं. स्कूटरचा डावा ब्रेक दाबला की मागच्याबरोबर पुढचाही थोडा लागतो. मोटरसायकलच्या पायातल्या ब्रेकचंही तसंच. कोरड्या रस्त्यावर हे चांगलं, पण निसरड्यावर पुढचं चाक अडलं की गाडी पायाखालून जाते. मोटरसायकलवर मग गिअर उतरवायचा, ॲक्सिलरेटर सोडायचा आणि ब्रेकला हात न लावता वेग कमी करायचा. स्कूटरला गिअर नसल्यामुळं इंजिन तेवढं धरून ठेवत नाही. जोतिबाहून उतरताना मला हे दरवेळी जाणवतं, खाली येईपर्यंत बोटं ब्रेकवरून निघत नाहीत. तुमच्या भावाच्या रस्त्याला गिअरची गाडीच हवी होती. लेखाच्या सुरुवातीलाच आज मी तसं ठळक लिहिलंय.

ॲव्हरेजचं थोडक्यात. माझी स्कूटर लिटरला ४५ किलोमीटर देते, वडिलांची गाडी ६०. महिन्याचे २६ दिवस आणि पेट्रोल १०५ रुपये धरलं, तर ४४ किलोमीटरवाल्याला महिन्याला साडेसहाशेच्या वर फरक पडतो. माझ्या दहा किलोमीटरला दीडशे. म्हणजे तुमचा हिशोब तुमच्यासाठी बरोबर आहे, तसा माझाही माझ्यासाठी बरोबर होता. त्यात एक जोडा: स्कूटरचा बेल्ट वीस-पंचवीस हजार किलोमीटरला बदलावा लागतो. मला तिथपर्यंत पोचायला काही वर्षं लागतील, तुमच्या भावाचं दोन वर्षांत होईल. मोटरसायकलची चेन मात्र पावसाळ्यात सारखी धुऊन तेल द्यावं लागतं, ते विसरू नका.

आता ‘बायकांची गाडी’. दादा, हे मला अजिबात पटलं नाही. आमच्या वडिलांनी तीस वर्षं मोटरसायकल चालवली. आता गुडघ्यामुळं त्यांना टांग टाकून बसता येत नाही. गंगावेशीत म्हशीचं दूध आणायला ते माझीच स्कूटर नेतात. पुढं फूटबोर्डवर दळणाचा डबा, मागं साडीत एका बाजूला बसलेली आई, आणि मिरजकर तिकटीच्या गर्दीत दर दोन मिनिटांला थांबायचं. तिथं क्लच दाबून-दाबून हात भरून येतो, तो त्रास स्कूटरवर नाही. घरातल्या चार माणसांपैकी तिघांना चालवता येणारी एकच गाडी आहे आणि ती स्कूटर आहे. वडिलांना ती चालवताना कुणी असं बोललं, तर ते गुपचूप घरी बसतील. मला ते नकोय.

म्हणून घाईघाईत स्कूटर विकू नका. नवी गाडी विकताना नुकसान होतंच, आणि दूध, दळण, दवाखाना याला घरात ती लागेल. शिरोलीला जायला भावासाठी १०० सीसीची वापरलेली चांगली मोटरसायकल बघा. मिस्त्रीला घेऊन जा. चेन-स्प्रॉकेट आणि टायरची नक्षी आधी बघायला सांगा.

एक विचारायचं राहिलं. कोणतं मनगट मोडलंय? डावं असेल तर क्लच त्याच हातात येतो. प्लास्टर निघाल्यावर लगेच २२ किलोमीटर क्लच दाबत जायला लावू नका. डॉक्टरांना ‘क्लच दाबू शकतो का’ असंच विचारा, नुसतं ‘गाडी चालवू का’ असं नको. तोवर एसटीनं जाऊ दे, किंवा त्याच शिफ्टच्या कुणाच्या तरी मागं बसू दे. त्याची तब्येत कशी आहे तेवढं जरूर कळवा.