शेळी, वाघ आणि ई-सिम

आमची लेक न्यू जर्सीला असते. तिकडे मेसेजना रंग असतात. आयफोनवरून आयफोनला गेला तर निळा, अँड्रॉइडवाल्याला पाठवला तर हिरवा. तिच्या सासरच्या ग्रुपवर सगळे निळे आहेत आणि एक जरी हिरवा माणूस आत आला तरी अख्खा ग्रुप हिरवा होतो. म्हणून मला त्यात घेतलंच नव्हतं. माझ्यासाठी व्हॉट्सॲपवर वेगळी पंगत होती. मला त्याचं काही वाटत नव्हतं, कारण डोंबिवलीत कोणाचा मेसेज कुठल्या रंगाचा हे विचारायला कोणाला सवड आहे? पण तिला वाटत होतं.

२०२२ साली अमेरिकेतल्या एका परिषदेत कोणीतरी आयफोन बनवणाऱ्या ॲपलचे प्रमुख टिम कुक यांच्याकडे गाऱ्हाणं मांडलं होतं, की आईला मी काही व्हिडिओ धड पाठवू शकत नाही. त्यावर ते म्हणाले, आईला आयफोन घेऊन द्या. माझ्या लेकीने तो सल्ला वडिलांवर चालवला. २०२४ च्या दिवाळीत ती आली, तेव्हा परत जाताना चकल्या भरून न्यायच्या रिकाम्या बॅगेतून आयफोन १५ निघाला. स्वतःला तिने १६ घेतला होता.

"बाबा, हा आता तुझा. मी सगळं पुसून दिलंय. तू फक्त चालू कर."

त्या वाक्यातल्या ‘फक्त’वर मी पुढे आठवडाभर विचार केला.

भाऊबीज झाली, सोमवारी रात्री ती विमानात बसली. मंगळवारी सकाळी आंघोळ करून, देवाला नमस्कार करून मी फोन हातात घेतला. मुंबईहून निघालेलं विमान तिकडे उतरायला पंधरा-सोळा तास लागतात. म्हणजे ज्या एका माणसाला विचारता आलं असतं, तो माणूस नेमका ढगांत होता.

जुन्या फोनमधलं सिम काढलं आणि नव्या फोनची खोबण शोधायला लागलो. डावीकडे नाही, वर नाही. उजव्या कडेला, पॉवर बटणाच्या खाली, गोळीच्या आकाराची एक लांबट खूण दिसली. हीच ती! पण पिन घालायला भोक नव्हतं. नखाने उचकटून पाहिलं, बायकोच्या सेफ्टी पिनने पाहिलं. शेवटी खालच्या बाजूला बारीक भोकांची एक रांग सापडली. त्यातल्या त्यात एक बरं भोक निवडून पिन टेकवली, एवढ्यात शेजारचा बारावीतला मुलगा पेपर परत द्यायला आला.

"काका! तो माइक आहे!"

त्याच्याकडून कळलं ते असं. अमेरिकेत विकायच्या आयफोनना १४ पासून, म्हणजे २०२२ पासून, सिमची खोबणच ठेवलेली नाही. तिकडे सगळा ई-सिमचा कारभार, म्हणजे वेगळं कार्डच नाही, नंबर कोडने थेट फोनात भरायचा. आणि मी उचकटत होतो ती लांबट खूण म्हणजे ५जीच्या एका जातीच्या लहरींसाठी ठेवलेली खिडकी. म्हणजे घराला दार नाही, खिडकी आहे, आणि तीही उघडत नाही.

मोबाइल कंपनीच्या गॅलरीत गेलो. टोकन, खुर्ची, पंखा. काउंटरवरच्या मुलाने काम चटकन केलं, ईमेलवर क्यूआर कोड पाठवला आणि जाता जाता म्हणाला, "सर, आता चोवीस तास एसएमएस बंद राहतील हं." सिम बदलून कोणी आपलं बँक खातं धुऊन नेऊ नये म्हणून हा दूरसंचार खात्याचा नियम आहे. नियम चांगलाच आहे. फक्त चोर मी नव्हतो, मालक होतो. पण चोवीस तास ओटीपी नाही म्हटल्यावर मालक आणि चोर यांच्यात फारसा फरक उरत नाही.

घरी येऊन फोन चालू केला. त्याने अदबीने विचारलं, अँड्रॉइडवरून सामान आणायचं आहे का? मला आधी फोन बघायचा होता. मी ‘नंतर’ला स्पर्श केला. आजवर सोसायटीच्या कुठल्याही मीटिंगमध्ये ‘नंतर’ म्हटल्याने कोणाचं काही बिघडलेलं मी पाहिलं नव्हतं.

मग व्हॉट्सॲप टाकलं. एसएमएस येणार नव्हता, म्हणून फोन करून कोड सांगा म्हटलं. एका बाईंनी इंग्रजीत सहा आकडे सांगितले. व्हॉट्सॲप उघडलं आणि आत काहीच नव्हतं. नुकत्याच सारवलेल्या अंगणासारखं स्वच्छ. त्याच क्षणी टेबलावरच्या जुन्या फोनने कळवलं, की तुमचा नंबर दुसरीकडे गेल्याने तुम्हाला इथून बाहेर काढण्यात येत आहे.

मी आमच्या सोसायटीचा नऊ वर्षं खजिनदार आहे. रजिस्टर आहे, पावतीपुस्तक आहे, पण खरा हिशोब व्हॉट्सॲपवर आहे. बी विंगच्या कोणी कुठल्या महिन्यात ‘उद्या नक्की देतो’ म्हटलं होतं, लिफ्टवाल्याने कुठला भाव लिहून दिला होता, गळतीचे फोटो, गळती नसल्याचे फोटो, सगळं तिथे. माणसं मला घाबरतात ती माझ्या पदाला नाही, माझ्या ‘सर्च’ला.

बारावीला परत बोलावलं. त्याने शांतपणे सांगितलं, की अँड्रॉइडच्या व्हॉट्सॲपचा बॅकअप गूगल ड्राइव्हवर जातो आणि आयफोनच्या व्हॉट्सॲपचा आयक्लाउडवर, आणि यातला एक दुसऱ्याचं अक्षर वाचत नाही. मधे एकच पूल आहे, ‘मूव्ह टू आयओएस’ नावाचं ॲप. २०२२ पासून व्हॉट्सॲपच्या गप्पाही त्यावरून पलीकडे नेता येतात, पण नवा फोन कोरा असेल तरच. तुम्ही ‘नंतर’ दाबलंत ना, तोच तो पूल होता.

ठीक. पुसू या. पुसताना फोनने ई-सिमबद्दल काहीतरी विचारलं, ठेवू का काढू. मी म्हटलं, पुसायला बसलोच आहोत तर अर्धवट कशाला.

रात्री लेक उतरली. तिने आधी चकल्या फुटल्या नाहीत हे सांगितलं, मग विचारलं, "झाला का चालू?" मी सगळं सांगितलं. पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज नव्हता.

"बाबा, तू ई-सिमपण पुसलंस?"

बुधवारी पुन्हा गॅलरी. त्या मुलाने मला ओळखलं. त्याच्या चेहऱ्यावर जे भाव होते ते मी आमच्या सोसायटीतल्या थकबाकीदारांशी बोलताना आणतो. नवा क्यूआर दिला. "सर, परत चोवीस तास."

आता परिस्थिती अशी होती. जुन्या फोनवरचं व्हॉट्सॲप जिवंत करायला नंबरवर फोन येणं गरजेचं. नंबर आता ई-सिम झालेला, त्यामुळे तो राहणार नव्या फोनात. ई-सिम घालायला नवा फोन चालू करावा लागणार. आणि गप्पा पलीकडे न्यायला नवा फोन कोरा असायला हवा. लहानपणी शाळेत कोडं घालायचे, एक होडी, शेळी, वाघ आणि गवताची पेंढी. शेळीपाशी गवत ठेवायचं नाही, वाघापाशी शेळी ठेवायची नाही. ते कोडं मला पाचवीत सुटलं नव्हतं. छडीही खाल्ली होती.

या वेळी कॅलेंडरच्या मागे नदी काढली. इकडे अँड्रॉइड, तिकडे आयफोन. बायको चहा घेऊन आली आणि म्हणाली, "कालवा काढताय का?" अर्ध्या तासाने उत्तर आलं. आधी ई-सिम नव्या फोनात घालायचं. मग जुन्या फोनवर व्हॉट्सॲप उघडून कोडचा फोन नव्या फोनवर घ्यायचा, म्हणजे गवत परत अलीकडे. मग नवा फोन पुसायचा, पण ई-सिम ठेवून, म्हणजे शेळी होडीतच बसून राहिली. मग पुलावरून सगळं पलीकडे. सुटलं! बारावीच्या मुलाने कागद पाहिला आणि म्हणाला, "काका, हे बरोबर आहे." इतका आनंद मला बी.कॉम.च्या निकालालाही झाला नव्हता.

पूल चालू झाला. दोन्ही फोन चार्जरवर हवेत, एकाच वायफायवर हवेत, आणि जुन्या फोनच्या पडद्यावरून दुसरीकडे जायचं नाही. गॅसवर दूध ठेवून बसावं तसा मी दोन फोनांपुढे बसलो. माझ्या व्हॉट्सॲपचं वजन एकतीस जीबी निघालं. त्यातलं हिशोबाचं किती आणि गुलाबाच्या फुलावर लिहिलेलं ‘शुभ सकाळ’ किती, हे वेगळं सांगायला नको. ते सगळं इमानाने पलीकडे गेलं. तीन तास चाळीस मिनिटं लागली. जुन्या फोनची चार्जरची वायर नव्याला चालली, हे एक सुख. पहिल्यापासून ॲपलच्या फोनला वेगळीच पिन असायची. मग युरोपियन युनियनने सगळ्यांना एकच पिन लावण्याचा कायदा केला, २०२३ मध्ये आयफोन १५ ला टाइप-सी आली, आणि ब्रुसेल्समधल्या सभेमुळे डोंबिवलीत माझी एक वायर वाचली.

आता पैसे. यूपीआय सिमशी बांधलेलं असतं, त्यामुळे जुन्या फोनवरचं सिम काढल्यापासून बंद, आणि नव्यावर चालू करायला फोनवरून बँकेकडे एसएमएस जावा लागतो, तोही बंद. दोन दिवस मी रोखीवर जगलो. एटीएमने पाचशेच्या नोटा दिल्या. भाजीवाल्या मावशींपुढे मेथीच्या जुडीसाठी नोट धरली.

"काका, सुट्टे नाहीत. फोन बिघडला का?"

"नाही हो, नवा घेतलाय."

मावशींनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की पैसे उद्या दिले तरी चालतील, आधी तब्येतीकडे बघा.

गुरुवारी एसएमएस सुरू झाले. अँड्रॉइडवर ॲप तो बँकेचा मेसेज आपलं आपण पाठवतं. आयफोन कुठल्याही ॲपला परस्पर मेसेज पाठवू देत नाही, म्हणून मजकूर तयार करून आपल्यापुढे ठेवतो आणि पाठवण्याचं बटण आपल्याला दाबावं लागतं. मजकूर म्हणजे नुसती अगम्य अक्षरं आणि आकडे. त्यापुढे ‘धन्यवाद’ टाकायचा मोह मी आवरला. नोंदणी झाली. मग बँकेच्या ॲपने बारीक अक्षरांत सांगितलं, की फोन बदलल्यामुळे सुरुवातीला एकूण पाच हजारच. अँड्रॉइडवाल्यांना चोवीस तास, आयफोनवाल्यांना बहात्तर. पाण्याची टाकी साफ करणारा माणूस त्याच दिवशी सहा हजार दोनशेचं बिल घेऊन दारात उभा होता. ते बायकोच्या फोनवरून दिले. मंगळवारपासून आमचं घर तिच्याच जिवावर चाललं होतं, फक्त आता तिच्याकडे त्याची नोंदही होती.

बाकीच्या गोष्टी बारीकसारीक. फोन चेहरा पाहून उघडतो, पण पहाटे चष्म्याशिवाय, उशीत अर्ध्या दाबलेल्या माझ्या चेहऱ्याला तो ओळख देत नाही. माझी बायकोही देत नाही, त्यामुळे ते मी मनावर घेतलं नाही. गजराची डुलकी तेव्हा बरोबर नऊ मिनिटांची असायची. दहा का नाही, हे विचारायची सोय नव्हती. कीबोर्डला माझी भाषा येत नव्हती. जुन्या कीबोर्डवर मी ‘मा.’ लिहिलं की तो ‘सभासद’ पुढे ठेवायचा आणि ‘थक’ला ‘थकबाकी’. इतक्या वर्षांचं ते शिक्षण कुठल्याच पुलावरून आलं नाही.

खरं दुःख मात्र अंगठ्याचं. जुन्या फोनला खाली तीन बटणं होती आणि उजव्या कोपऱ्यातलं ‘मागे’. इतकी वर्षं माझा उजवा अंगठा माझ्या परवानगीशिवाय तिथे जात असे. चुकीच्या फोटोवर गेलो, मागे. नको त्या माणसाचं स्टेटस उघडलं, मागे. नव्या फोनवर ते बटणच नाही. कधी डाव्या कडेवरून बोट सरकवा, कधी वरच्या कोपऱ्यातला बाण शोधा, कधी सगळा पडदा खाली ओढा. डोक्याला हे दोन दिवसांत कळलं. अंगठ्याला नाही. तो त्याच कोपऱ्यात जाऊन दाबत राहिला. आणि आयफोनवर व्हॉट्सॲपची चॅट उघडली असेल तर नेमक्या त्या कोपऱ्यात माइक असतो. नुसतं टेकवलं तर काही होत नाही. दाबून धरलं तर आवाज भरला जातो, आणि सोडलं की मेसेज जातो.

शनिवारी रात्री सोसायटीच्या ग्रुपवर चेअरमननी वार्षिक सभेची सूचना टाकली. मी वाचली आणि मागे जायला निघालो. जाईना, म्हणून दाबून धरलं. सात सेकंदांनी शंभरावर सभासदांना खजिनदारांचा आवाज पोचला, "अरे जा ना मागे! किती वर्षं तेच तेच! गाढव कुठलं!"

पहिली दहा मिनिटं ग्रुपवर कोणीच काही लिहिलं नाही. मग तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी हात जोडलेला इमोजी टाकला. पाठोपाठ बी विंगमधून दोघांनी अंगठा वर केला. चेअरमननी लिहिलं, "खजिनदारांच्या भावना पोचल्या. पदाचा मोह मलाही नाही." रात्री साडेदहाला मी त्यांच्या घरी जाऊन नवा फोन दाखवला, तीन बटणं कुठे असायची ते दाखवलं, अंगठाही दाखवला. त्यांना पटलं असं ते म्हणाले. तेव्हापासून सभेत ते माझ्या उजव्या हाताकडे बघत बोलतात.

रविवारी दुपारी बहात्तर तास संपले. त्या रात्री लेकीचा फोन आला. मी आता निळा झालो होतो, तिच्या सासरच्या ग्रुपमध्ये मला घेतलं होतं, आणि तिथे सकाळपासून कोणीच काही बोललं नव्हतं. ती खुशीत होती. म्हणाली, "आई, पुढच्या वेळी येताना तुलापण आणते."

बायको दारातल्या इस्त्रीवाल्याचा क्यूआर स्कॅन करत होती. मान वर न करता म्हणाली, "मला नको गं. घरात एकाने तरी पैसे द्यायला हवेत."